निसर्गवेड्या जहागीरदाराचं कल्पित चरित्र लिहायचं तर

आमचे दादासाहेब १८४८ साली नाशिकच्या एका वाड्यात जन्मले आणि १९०६ साली त्याच वाड्यात गेले. मधली अठ्ठावन्न वर्षं त्यांनी जवळच्या अंजनेरी डोंगरावरची फुलं, गोदेकाठचे पक्षी आणि घरच्यांची नाराजी गोळा करण्यात घालवली. हे दादासाहेब मी कल्पनेतून उभे केले आहेत. नाशिकच्या एका शाळेत मी बरीच वर्षं जीवशास्त्र शिकवलं. मुलांना डोंगरावर नेताना वाटेत सांगायला म्हणून हा माणूस सुरू झाला आणि निवृत्तीनंतर त्याचं अख्खं चरित्र लिहायला बसले. त्यात काय काय चुकलं आणि काय उपयोगी पडलं, ते असं काही लिहू पाहणाऱ्यांसाठी इथे मांडते.

पहिला नियम मी सुरुवातीलाच केला आणि आजवर पाळला. माणूस माझा, पण त्याला दिसणारं प्रत्येक पान, पाखरू, रस्ता आणि नदीचं पाणी खरं असलं पाहिजे. ज्याचं आयुष्यच अचूक पाहण्यात गेलं, त्याच्या तोंडी चुकीचं फूल घातलं तर तो माणूस तिथेच संपतो.

नाव ठेवताना आडनाव देऊ नका. विंचूरकर, रास्ते अशी मातब्बर घराणी या भागात खरोखर होऊन गेली आहेत. कुठलंही आडनाव घेतलं की ते कुणाच्या तरी खऱ्या पणजोबांना जाऊन चिकटतं. ‘रावसाहेब’ म्हणावं तर तो सरकारी किताबही होता, म्हणजे तो कधी आणि कशाबद्दल मिळाला ते सांगणं आलं. ‘दादासाहेब’ घरातलं संबोधन आहे, त्याला कुणाची सनद लागत नाही. घरात आईसाहेब, पत्नी म्हणजे बाईसाहेब, आणि दप्तर सांभाळणारे दिवाणजी. एवढ्या माणसांवर वाडा उभा राहतो.

आता साल. जन्माचं साल ठरवताना मी आधी दुसऱ्याच गोष्टी कागदावर लिहिल्या. थळ, म्हणजे कसारा घाटातून रेल्वे १८६५ साली सुरू झाली, म्हणजे त्यानंतर नाशिकहून मुंबईला पेटी पाठवणं सोपं झालं. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १५ सप्टेंबर १८८३ रोजी स्थापन झाली. आठ संस्थापकांत दोन आपले डॉक्टर होते, आत्माराम पांडुरंग आणि सखाराम अर्जुन. आत्माराम पांडुरंग म्हणजे प्रार्थना समाजाच्या स्थापनेतले. सखाराम अर्जुन वनस्पतींचे जाणकार, १८८५ साली गेले. दादासाहेबांनी मुंबईला पहिलं पत्र कुणाला लिहावं हा प्रश्न मला या दोन नावांनी सोडवून दिला. पस्तिशीतला एक जहागीरदार, इंग्रजी बेताचं, साहेबाला लिहायचा संकोच. तो मराठी बोलणाऱ्या डॉक्टरांनाच लिहील. १८४८ हे जन्मसाल तिथून उलटं मोजून आलं.

तुमच्या माणसाच्या कपाटातली पुस्तकंही अशीच सालवार लावा. डाल्झेल आणि गिब्सन यांचं मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींवरचं पुस्तक १८६१ चं. जर्डनचे भारतीय पक्ष्यांवरचे खंड १८६२ ते १८६४ या काळातले. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याचा वनस्पतिग्रंथ १९०१ पासून भागाभागाने निघाला आणि १९०८ साली पुरा झाला. दादासाहेब गेले १९०६ साली. मी मृत्यूचं साल ठरवलं ते ही तारीख समोर ठेवूनच. आयुष्यभर ज्या ग्रंथाची वाट पाहिली, त्याचा शेवट त्यांना मिळाला नाही.

काळ ठरला की डोळ्यांसमोरचं आजचं नाशिक पुसावं लागतं. हे काम वाटतं त्यापेक्षा कठीण आहे, कारण जी झाडं आपण लहानपणापासून पाहतो ती कायमचीच होती असं आपण धरून चालतो. माझ्या पहिल्या खर्ड्यात दादासाहेब १८९० साली गाजरगवतातून घोडा घालत होते. गाजरगवत पुण्यात नजरेस आलं तेच १९५५ च्या सुमारास! सुबाभूळ आणि गिरिपुष्प यांनाही काट मारावी लागली. द्राक्षबागांचा आजचा पसारा विसाव्या शतकातला. गंगापूर धरण स्वातंत्र्यानंतरचं, त्यामुळे त्या जलाशयावरचे हिवाळी पाहुणे आपल्या गोष्टीत येऊ शकत नाहीत.

सगळ्यात मोठी चूक झाली ती नांदूरमधमेश्वरला. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, २०२० साली जाहीर झालेलं, मी तिथे असंख्य सकाळी घालवलेल्या. मग काय, दादासाहेबांनाही थंडीत तिथे तंबू ठोकून बसवलं आणि समोर हजारो बदकं उतरवली. पण गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरचा बंधारा विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा आहे. तो झाला, गाळ साचला, पाणथळ तयार झालं, मग पाखरांची ती गर्दी. १८८० साली तिथे नुसता संगम होता, डोह आणि वाळूचे पट्टे. अख्खं प्रकरण फाडलं. त्याच्या जागी आता चार ओळी आहेत: पहाटेचं धुकं, वाळूवर चक्रवाकांची एक जोडी, आणि पलीकडच्या काठावरून तिला साद घालणारी दुसरी जोडी. मला वाटतं, त्या चार ओळी फाडलेल्या प्रकरणापेक्षा चांगल्या आहेत.

हे सगळं तपासायला कुठे बसायचं? नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचं. दादासाहेबही तिथले सभासद होते असं मी धरलंय. जिल्ह्याचं गॅझेटियर १८८३ सालचं आहे. गावं, पिकं, झाडं, जनावरं, बाजारपेठा, त्या काळाची सगळी शिदोरी त्यात मिळते. आणि शब्दांसाठी मोल्सवर्थचा कोश, १८३१ चा किंवा १८५७ ची दुसरी आवृत्ती. झाडापाखरांची मराठी नावं त्यात इतकी आहेत की दादासाहेबांच्या तोंडी घालायचा प्रत्येक शब्द मी तिथे पाहून घेते. सराफ बाजारातल्या सरकारवाड्यात एकदा निवांत जाऊन या. लाकडी खांब, चौक, वरच्या मजल्यावरचा उजेड बघा. टेबल कुठे मांडलं तर उत्तरेचा उजेड कागदावर पडेल, हे तिथे उभं राहिल्यावर कळतं. चित्रातून कळत नाही.

लिहायला बसल्यावर मी वर्षाची दिनदर्शिका केली, आणि हे तुम्हीही पहिल्याच आठवड्यात करा असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. मोठा कागद घ्या, बारा रकाने आखा, आणि तुमच्या परिसरात कधी काय दिसतं ते स्वतः जाऊन पाहून भरा. माघ-फाल्गुनात पळस आणि काटेसावर. चैत्र-वैशाखात बहावा. मृगाच्या आधी पावशा ओरडू लागतो, शेतकरी त्याचं ‘पेरते व्हा’ ऐकतो. मग चातक, मग नवरंग. आषाढ-श्रावणात विहिरीवरच्या बाभळींना सुगरणीची घरटी. श्रावणात तेरडा, भाद्रपदात सोनकी आणि कवळा यांनी पठारं पिवळी. आश्विनात धोबी पक्षी शेपट्या हलवत नदीकाठी हजर. हा तक्ता भरायला मला दोन वर्षं लागली, कारण एका वर्षी गुडघ्याने दगा दिला. पण तो झाल्यावर गोष्ट अडली असं एकदाही झालं नाही. मुलीचं लग्न वैशाखात काढलं तर अंगणातला बहावा आपोआप येतो.

तारखांबद्दल एक सावधगिरी. दादासाहेब शके आणि तिथी लिहिणार, मुंबईला पाठवताना इंग्रजी तारीख घालणार. शके वर्ष गुढीपाडव्याला बदलतं, हे माहीत असूनही मी जानेवारी १८८४ ला शके १८०६ लिहून बसले होते. ते १८०५ हवं. अधिकमासाने तिथ्या महिनाभर सरकतात, फूल मात्र पावसाच्या हिशेबाने उमलतं. मी प्रत्येक प्रसंगाच्या माथ्यावर दोन्ही तारखा लिहून ठेवते आणि पंचांग काढून ताडून बघते.

लिपीही ठरवा. हिशेबाच्या वह्या आणि दिवाणजींना दिलेले हुकूम मोडीत, श्लोक आणि आईसाहेबांना लिहिलेलं पत्र बाळबोधीत म्हणजे देवनागरीत, मुंबईचा पत्रव्यवहार इंग्रजीत. निरीक्षणाची वही कोणत्या लिपीत, यावर मी पुष्कळ दिवस घालवले. शेवटी ती मोडीत ठेवली, कारण मोडी वेगाने लिहिता येते, आणि घोड्यावरून उतरून पाखरू उडायच्या आत टिपायचं तर वेग हवाच. लॅटिन नावं मात्र बाळबोधीत, सुटी सुटी, एकेक अक्षर जपून.

आता जे माझं सगळ्यात जिवाभावाचं आहे त्याकडे येते. कारवी. आपल्या डोंगरउतारांवर वाढते, आदिवासी पाड्यांवर तिच्या काठ्यांचे कुड घालतात, वर शेणामाती लिंपतात. सात-आठ वर्षं नुसती हिरवी उभी असते. मग एका पावसाळ्याच्या अखेरीस सगळा डोंगर एकदम जांभळा होतो, आणि फुलून झालं की ती झुडपं मरतात. वाळलेली बोंडं पुढच्या पहिल्या पावसात तडतडून फुटतात, बी उडतं, पुन्हा सुरुवात.

अठ्ठावन्न वर्षांचं आयुष्य कशावर तोलायचं हे मला कळत नव्हतं. जन्म, मुंज, लग्न, वारस असं लिहीत गेले तर ते कुठल्याही जहागीरदाराचं झालं असतं. मग मी कारवीने मोजलं. आठ वर्षांचं चक्र धरलं आणि गोष्टीपुरतं एक साल पक्कं करून पुढे हललेच नाही: १८५२, १८६०, १८६८, १८७६, १८८४, १८९२, १९००. सात बहर, सात प्रकरणं. पहिल्या बहराला ते चार वर्षांचे, नोकराच्या खांद्यावर बसून जांभळा डोंगर बघतात आणि त्यांना वाटतं, डोंगर दरवर्षी असाच होतो. दुसऱ्या बहराला मुंज होऊन गेलेली आहे. १८८४ च्या बहराची फांदी मुंबईला रवाना होते. शेवटचा बहर छप्पनच्या, म्हणजे विक्रम संवत १९५६ च्या दुष्काळानंतरचा. १८९९ चा पाऊस फसला, गुरं मेली, गिधाडं आकाशातून उतरली ती जागची हलेनात. आणि १९०० च्या भाद्रपदात डोंगर पुन्हा जांभळा. ते प्रकरण लिहिताना मी रडले होते. तुमच्या प्रदेशात कारवी नसेल तर दुसरं काही असेल. माणसाच्या आयुष्यापेक्षा वेगळ्या चालीने चालणारी एखादी वस्तू शोधा.

अंजनेरीबद्दल थोडं. नाशिकहून त्र्यंबकच्या वाटेवर वीसेक किलोमीटर, उंची सुमारे १,२८० मीटर. तिथे एक कंदीलपुष्प आहे, ज्याचं शास्त्रीय नावच अंजनेरीवरून ठेवलं आहे. फुलाची नळी असते, आत खाली वळलेले केस. चिलट आत शिरतं पण बाहेर येऊ शकत नाही. केस कोमेजले की मोकळं होतं आणि पराग घेऊन दुसऱ्या फुलाकडे जातं. माझ्या दादासाहेबांनी हे फूल १८८६ साली ओळखलं असं मी मोठ्या अभिमानाने लिहिलं होतं. पण त्या जातीचं शास्त्रीय वर्णन झालं २००६ साली. म्हणजे दादासाहेबांना फूल दिसू शकतं, नाव मिळू शकत नाही. मग मी तो प्रसंग उलटा लिहिला. ते फुलाजवळ पालथे पडून तासभर चिलट सुटायची वाट बघतात, घरी येऊन पुस्तकं धुंडाळतात, कशाशीच जुळत नाही. वहीत फक्त चित्र आणि पुढे रिकामी जागा. ती जागा पुढची एकशेवीस वर्षं रिकामी राहणार आहे, हे वाचकाला माहीत असतं.

आपल्या माणसाला मोठा शोध लावून द्यायचा मोह सगळ्यांना होतो. तो आवरा. का, ते रानपिंगळ्याच्या हकिगतीवरून सांगते. हा छोटा घुबडवर्गीय पक्षी ए. ओ. ह्यूम या पक्षितज्ज्ञाने १८७३ साली जगापुढे आणला. जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने खानदेशात त्याचे नमुने मिळवले. १८८४ नंतर तो कुणाला मिळेना. पुढे रिचर्ड मायनर्ट्झहागन या नावाजलेल्या इंग्रज पक्षितज्ज्ञाने १९१४ साली गुजरातेत मांडवीजवळ मिळाल्याची चिठ्ठी लावलेला एक नमुना पुढे केला, आणि शोधणारे त्या चिठ्ठीच्या मागे गेले. तो नमुना संग्रहालयातून चोरून, पुन्हा भरून, खोटी चिठ्ठी बांधलेला डेव्हिडसनचाच पक्षी होता. ती चिठ्ठी बाजूला ठेवून जुन्या खऱ्या जागा धुंडाळल्या तेव्हा नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत दिसला. एका खोट्या चिठ्ठीने एवढं केलं. आपण कल्पित चरित्र लिहितो, पण वाचणारं पोर त्यातलं पाखरू खरं मानतं. एका प्रकाशकांनी मला वाघाची एक थरारक शिकार घालायला सांगितली होती. मी घातली नाही आणि पुस्तक तिथे दिलं नाही.

घरातला संघर्ष बाहेरून आणायची गरज पडत नाही, तो या छंदातच आहे. पक्ष्याचं कातडं सोलून टिकवायचं म्हणजे त्या काळी सोमल लागायचा. सोवळ्याच्या घरात मेलेलं पाखरू आणि सोमलाचं विष! आईसाहेब उंबऱ्याच्या आत येऊ देणार नाहीत. म्हणून माझ्या दादासाहेबांची पाखरं पागेत, घोड्यांच्या खोगिरांशेजारी, आणि तिथून परत येताना विहिरीवर आंघोळ. फुलांना मात्र दिवाणखान्यात मज्जाव नाही, कारण ती देवालाही वाहतात. फुलं दाबायला जुनी वर्तमानपत्रं. केसरी १८८१ च्या जानेवारीत सुरू झाला, तेव्हा त्याआधीच्या फुलांना ज्ञानप्रकाशचे कागद द्या. नमुने ठेवायचा डबा पहिल्यांदा तांबट अळीत करून घेतला, तांब्याचा, सुरेख, पण इतका जड की अंजनेरीच्या पहिल्या चढावरच परत पाठवला. दुसरा पत्र्याचा. कपाटात कडुनिंबाचा पाला आणि कापूर. तरी कसर लागतेच. दर पावसाळ्यानंतर बाईसाहेब पेट्या उन्हात काढतात आणि नवऱ्याला ठाऊक नसताना प्रत्येक कागदावरचं फूल ओळखू लागतात.

अशा वस्तूंचा अनुभव हवा म्हणून डोंगरावरून काही उपटून आणू नका. अंजनेरीचं रान राखीव आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने पक्ष्यांची कातडी, अंडी, घरटी घरी ठेवणं गुन्हा आहे. मी अंगणातला तेरडा आणि जास्वंद दाबली. आठवडाभर रोज कागद बदलले. जास्वंद काळी पडली, तेरडा चिकटून बसला. दादासाहेबांची पहिली फसलेली वही मला त्यातून मिळाली.

आणखी एक गोष्ट मला उशिरा उमजली. दादासाहेबांना फूल कुठे आहे ते कोण सांगत होतं? घोडा पायथ्याशी थांबतो. वर नेणारा, कंद कुठला खायचा आणि कुठला नाही हे जाणणारा, नवरंगाचा आवाज ऐकून थांबा म्हणणारा माणूस महादेव कोळी किंवा ठाकर असणार. माझ्या पहिल्या खर्ड्यात तो ‘एक वाटाड्या’ होता. आता त्याला दादासाहेबांच्याच वयाचा केला, घर दिलं, कारवीचा कूड दिला, थोडं बोलणं दिलं. तो ‘सरकार’ म्हणतो, दादासाहेब त्याला नावाने हाक मारतात. पण चिठ्ठ्यांवर सगळीकडे एकच नाव, दादासाहेबांचं. त्या काळच्या साहेबांच्या चिठ्ठ्यांवरही बहुधा असंच असायचं, म्हणून मी ते बदललं नाही. बदललं ते फक्त शेवटी.

शेवट १९०८ चा. दादासाहेब जाऊन दोन वर्षं झाली आहेत. मुंबईहून टपालाने कुक यांच्या ग्रंथाचा शेवटचा भाग येतो. बाईसाहेबांना इंग्रजी येत नाही. त्या पुडकं सोडतात, आधीच्या भागांशेजारी कपाटात ठेवतात, कडुनिंबाचा पाला बदलतात. १९०० नंतर आठ वर्षं झालीत, म्हणजे डोंगर पुन्हा जांभळा आहे, हे वाचकाच्या लक्षात यायला थोडी उसंत द्या. मग डोंगरावर नेणारा तो माणूस वाड्याच्या दारात येऊन उभा राहतो. हातात कारवीची फांदी, सरकारांसाठी आणलेली, सवयीने. इथे कुणालाही रडवू नका, भाषणं देऊ नका. बाईसाहेब फांदी केसरीच्या कागदात पसरून ठेवतात, आणि चिठ्ठी लिहितात, बाळबोधीत, कारण मोडी त्यांना येत नाही:

कारवी. अंजनेरी. भाद्रपद, शके १८३०. आणणार,

आणि पुढे त्याचं नाव, त्याला विचारून, त्याच्या बापाच्या नावासकट.